एवढ्याशा तुकड्याने काय होते?



हा लेख लिहावा की नाही, ह्याचा आम्ही उभयतांनी बरेच दिवस विचार केला. आपल्या घरातील चूक चारचौघांत सांगणे कोणाला आवडते? परंतु आमच्या चुकीची झळ आम्हाला नव्हे, आमच्या नातीला लागली. तशीच चूक आपल्या समाजातील आणखी एखाद्या आजी-आजोबांच्या हातून प्रेमापोटी होऊ नये, म्हणून शेवटी लेखणी हाती घेतली.

आमची नात चार वर्षांची झाली तेव्हापासून तिची वाढ खुंटल्यासारखी झाली. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र फुगलेले. गानमध्ये एका मुलाला सर्दी झाली की दुसऱ्या दिवशी हिला ताप. एक दुखणे बरे होते न होते तोच दुसरे हजर. रक्त कमी म्हणून लोहाचे औषध सुरू झाले, पण महिने गेले तरी रक्त वाढेना. नातेवाईकांपैकी कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले प्रतिकारशक्ती कमी आहे, अमुक सरबत द्या. आम्ही आपले कोकणातल्या आयांचे शहाणपण काढले. पोरीला ताकद यावी म्हणून रोज तूप घालून रव्याची खीर भरवू लागलो. आज तो रवा आठवला की घास घशात अडकतो.

कुपत खोलीमच्या डॉक्टरीणबाईंनी अखेर एक वेगळी रक्ततपासणी लिहून दिली. तीत दोष आढळला. मग आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली. मुलीला थोडा वेळ गुंगी देऊन लहान आतड्यातून तांदळाच्या कणीहून लहान असे काही तुकडे काढले. आम्ही बाहेर बाकावर तेहिलीमचे पुस्तक उघडून बसलो होतो, पण एक ओळही वाचवली नाही. आठवड्याभराने नाव कळले: सिलिॲक.

हा रोग म्हणजे काय, ते डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सोप्या शब्दांत समजावले. तेच येथे सांगतो.

गहू, सातू आणि राय ह्या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की जो चिवटपणा येतो तो ह्याच्यामुळे. हे प्रथिन कोणाच्याच पोटात पूर्णपणे पचत नाही, त्याचे काही तुकडे शिल्लक राहतात. बहुतेकांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. परंतु ज्यांच्या अंगात डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ह्या नावाची आनुवंशिक खूण असते, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरातले पहारेकरी ह्या तुकड्यांना शत्रू समजतात. शरीराचे स्वतःचेच एक विकर, ज्याला ट्रान्सग्लूटामिनेज म्हणतात, त्या तुकड्यांचे रूप थोडे बदलते, आणि बदललेले रूप पाहून पहारेकरी अधिकच खवळतात. मग ते ग्लूटेनवरच नव्हे, तर त्या घरच्या विकरावरही प्रतिपिंडे सोडतात. रक्ततपासणीत शोधतात ती हीच प्रतिपिंडे.

ह्या लढाईचे रणांगण म्हणजे लहान आतडे. त्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवीसारखे बारीक रसांकुर असतात आणि अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. लढाईत ही मखमल झिजून सपाट होते. मग लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व, जस्त अंगी लागत नाही. मूल भरपूर खाते आणि उपाशी राहते.

आता आमच्या मनातला मोठा गैरसमज सांगतो. आम्ही समजत होतो की पोरीची प्रतिकारशक्ती दुबळी आहे. खरे पाहता ती दुबळी नव्हती, वाट चुकलेली होती. वेशीवर उभे राहायचे ते शिपाई घरातल्याच माणसांशी झुंजत बसले होते. शिवाय झिजलेल्या आतड्यामुळे त्यांना पुरेशी रसदही पोहोचत नव्हती. मग खरा शत्रू आला की कमी पडणारच. म्हणून अशा मुलाला ताकदीचे सरबत देऊन उपयोग नसतो. आधी ती घरातली लढाई थांबवावी लागते आणि ती थांबवण्याचा आज एकच उपाय आहे. ग्लूटेन पूर्ण बंद, आणि तेही जन्मभर.

आणखी एक गोष्ट आम्हाला नवीन होती. सिलिॲक असलेल्या काही मुलांच्या अंगात कावीळ-ब ची लस नीट धरत नाही. इस्राएलमध्ये १९९२ सालापासून प्रत्येक नवजात बालकाला ही लस देतात. आमच्या नातीलाही दिली होती, पण रक्तात तिचा पुरेसा मागमूस सापडला नाही. पथ्य सुरू झाल्यावर पुन्हा लस दिली, तेव्हा ती धरली. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी डॉक्टरांना हे अवश्य विचारावे.

धान्याने मूल आजारी पडते हे कळायला वैद्यांना फार काळ लागला. लंडनच्या डॉक्टर सॅम्युअल गी ह्यांनी १८८८ साली ह्या रोगाचे नेटके वर्णन केले आणि उपाय असेल तर तो आहारातच असेल असेही सांगितले. परंतु कोणता आहार, ते त्यांना उमगले नाही. पुढे अमेरिकेत डॉक्टर सिडनी हास १९२४ पासून अशा मुलांना केळ्यांवर ठेवू लागले. मुले सुधारत, आणि श्रेय केळ्याला मिळे. खरी गोष्ट हॉलंडच्या डॉक्टर विलेम डिके ह्यांनी उघड केली. गव्हाचा संशय त्यांना युद्धाआधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सगळा देश खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारली. पुन्हा पाव मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके ह्यांनी आपल्या प्रबंधात हे मांडले.

वाचकहो, आता आपल्या समाजाकडे वळू. आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत राहिले. भात, तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली मासळी, वालाचे बिरडे हे आपले जेवण. गव्हाची चपाती सणावाराला किंवा मुंबईस गेल्यावर. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, गहू खाणाऱ्या उत्तरेकडे सुमारे शंभरात एकाच्या रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडे आढळली, तर भात खाणाऱ्या दक्षिणेकडे हजारात एकाच्या. म्हणून आपल्या आयांना ह्या रोगाचे नाव ठाऊक नसले तर नवल नाही.

इस्राएलला आलो आणि ताट बदलले. सकाळी पाव, दुपारी पिता, संध्याकाळी पुन्हा पाव. टंचाईच्या काळात येथे तांदूळ दुर्मिळ होता, तेव्हा पंतप्रधान बेन-गुरिऑन ह्यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने पतीतीम काढले. दिसायला तांदूळ, लोक म्हणत ‘बेन-गुरिऑनचा तांदूळ’, पण होता गहूच! आजही गानमध्ये मुलांच्या ताटात पतीतीम पडतात. भात समजून आजीने चमचाभर भरवावा असे ते दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

असो. आता आमच्या चुकीकडे येतो.

रोगाचे निदान झाले तेव्हा सूनबाईंनी कंबर कसली. सूनबाई मोरोक्कन घराण्यातल्या, त्यांच्या माहेरी कुसकुसशिवाय शुक्रवार नाही. तरी त्यांनी घरातले पीठ, रवा, शेवया सगळे बाहेर काढले. नवा तवा, नवी चाळणी, नवे लाटणे आणले. प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली. पोर सुधारू लागली. पोट उतरले, गालावर रंग आला.

पण वर्षाने रक्त तपासले तेव्हा प्रतिपिंडे निम्म्यावर येऊन तेथेच थांबलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोठून तरी ग्लूटेन पोटात जात आहे. सूनबाई रडल्या. आणि आम्ही? आम्ही तोंडाने धीर दिला, पण मनात म्हटले, ह्यांच्या माहेरच्या कुसकुसचेच हे काम असणार.

आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्या कुटुंबाला बोलावले. सोमवार ते गुरुवार मूल काय खाते ते लिहून घेतले आणि मग विचारले, “शुक्रवारी संध्याकाळी ही कोठे जेवते?”

“आजी-आजोबांकडे,” सूनबाई म्हणाल्या.

“किद्दूशनंतर हमोत्सीचा तुकडा कोण देतो?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तुकडा आम्हीच देत होतो. सगळ्या नातवंडांच्या हातावर हल्ल्याचा मिठात बुडवलेला तुकडा ठेवायचा आणि हिचाच हात रिकामा ठेवायचा, हे आमच्याने होत नव्हते. नखाएवढा तुकडा द्यायचो. तो आशीर्वादाचा घास, शब्बाथचा घास, त्याने काय होणार? सूनबाई स्वयंपाकघरात असत तेव्हा द्यायचो, म्हणजे मनाला कोठेतरी ठाऊक होते.

बाईंनी रागावून काही म्हटले नाही. फक्त हिशेब सांगितला. पावाच्या एका कापात दोन ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक ग्लूटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या कापाचा चाळिसावा हिस्सा, पोटात गेला तरी आतड्याची मखमल झिजू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. ‘ग्लूटेनविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम. आमचा नखाएवढा तुकडा दर आठवड्याला त्या शिपायांना पुन्हा जागे करीत होता. त्यांची स्मरणशक्ती दांडगी असते.

घरी येऊन आमचे स्वयंपाकघर तपासले, तेव्हा तुकड्याच्या जोडीला आणखी चोर सापडले. डाळीला आणि बिरड्याला आम्ही हिंग घालतो. डबीवरची अक्षरे चष्मा लावून वाचली, तर हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले. भाकरीसाठी तांदळाचे पीठ मुंबईहून नातलग आणत. ते गिरणीत दळलेले, आणि त्याच गिरणीत आधी गहू दळलेला. तवा एकच, त्यावर आधी आमची चपाती, मग तिची भाकरी. पोळपाट लाकडी, वर्षानुवर्षे कणकेने माखलेले. ‘आमचे कोकणी जेवण निर्धास्त’ ह्या गर्वात आम्ही तिला दर शुक्रवारी विष वाढत होतो, आणि दोष देत होतो कुसकुसला.

सूनबाईंची आम्ही त्याच रात्री क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “इमा, आबा, तुम्ही प्रेमाने दिलेत.” खरे आहे. पण आतड्याला प्रेम कळत नाही.

आम्हाला सर्वांत जास्त लाज ह्याची वाटली, की हे शिकवायला आम्हाला परक्या बाईची गरज पडावी! मांसाचे भांडे वेगळे आणि दुधाचे वेगळे, हे आपल्याला आईने बोलता येण्यापूर्वी शिकवले. दुधाचा चमचा चुकून मांसाच्या रश्श्यात पडला तर ‘एवढ्याशाने काय होते’ असे आपल्या घरात कोणी म्हटले होते काय? ज्यांचे पूर्वज शनवार तेली म्हणवले गेले, त्यांनी शनिवारी ‘थोडासाच घाणा चालवू’ असे कधी म्हटले नाही. वल्हांडणाच्या आधी आपण दिवा घेऊन खमिराचा कण न् कण शोधतो. आणि खमीर होऊ शकणारी पाच धान्ये कोणती? गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा जुना गहू. ओट सोडला तर ही नेमकी ह्या मुलांना वर्ज्य असलेली धान्ये. आपल्या आया सात-आठ दिवस जे करीत, तेच ह्या मुलांसाठी वर्षभर करायचे. परमेश्वराच्या आज्ञेसाठी जी काटेकोर शिस्त आपण पाळतो, ती लेकराच्या जिवासाठी पाळणे आपल्याला जड जाऊ नये.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. ‘वल्हांडणासाठी कोशेर’ असा शिक्का म्हणजे ग्लूटेन नाही, असे समजू नका. मत्सा गव्हाचाच असतो, आणि सणाच्या केकात, गोळ्यांत, सूपमध्ये मत्स्याचे पीठ असते. आपण बेने इस्राएल वल्हांडणातही तांदूळ खातो, हे मोठेच भाग्य. मत्स्याच्या आज्ञेसाठी शुद्ध ओटचा मत्सा मिळतो. ओटमध्ये गव्हाचे ग्लूटेन नसते, पण शेतात आणि गिरणीत भेसळ होते, म्हणून ‘ललो ग्लूटेन’ लिहिलेलाच घ्यावा. थोड्या मुलांना शुद्ध ओटही सोसत नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. आमच्या नातीला डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर आम्ही तिच्यासाठी ओटचा लहान हल्ला करू लागलो. आता हमोत्सी त्याच हल्ल्यावर म्हणतो, आणि पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवतो.

रोश हशानाच्या चिकाच्या हलव्याचेही तेच. चीक गव्हाचा, म्हणून तो ह्या मुलांना चालणार नाही. आमच्याकडे आता हलवा कॉर्नफ्लावरचा होतो. रंग तोच, वेलचीचा वास तोच. मोठी माणसे दोन दिवस कुरकुरली, मग ताट रिकामे केले.

ज्या घरी असे मूल असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, शंका आली म्हणून तपासणीआधी गहू बंद करू नका. गहू बंद केला की प्रतिपिंडे उतरतात, आणि रोग असूनही तपासणीत दिसत नाही. तसेच प्रतिकारशक्ती वाढेल म्हणून निरोगी मुलाचा पाव तोडू नका. त्याला त्याचा फायदा नाही.

दुसरी, एका मुलाला सिलिॲक निघाला तर त्याची भावंडे आणि आईवडील ह्यांचीही रक्ततपासणी करा. आमचा धाकटा नातू गुटगुटीत, दिवसभर धावणारा. त्याच्याही रक्तात दोष निघाला. बाहेरून काहीच दिसत नव्हते. त्याचे पथ्य वेळेवर सुरू झाले.

तिसरी, धान्य घरी धुऊन, वाळवून, वेगळ्या मिक्सरमध्ये दळा. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वाल, मूग, पोहे ही आपली जुनीच मंडळी आहेत. हिंग, सोया सॉस, तयार मसाला, दाट सूप घेताना डबी वाचा. तवा, चाळणी, पोळपाट वेगळे ठेवा. सूनबाईंनी त्यांना लाल फीत बांधली आहे.

चौथी गोष्ट पोटाची नव्हे, मनाची. वाढदिवसाला सगळी मुले केक खातात आणि हे एक मूल पाहत बसते. आमच्या नातीने एकदा विचारले, “आजी, मी वाईट आहे का?” त्या दिवसापासून गनेनेतकडे तिच्या केकचा एक डबा फ्रीजरमध्ये ठेवलेला असे. आता ती शाळेत जाते, तेथेही डबा ठेवलेला आहे. आणि घरी तर आम्ही नियमच केला: शुक्रवारी ती खाईल तेच सगळ्यांनी खायचे.

आमच्याकडचा तुकडा बंद झाल्यावर आठ महिन्यांनी प्रतिपिंडे मर्यादेत आली. मुलांचे आतडे लवकर भरून येते, हा परमेश्वराचा मोठा उपकार. पुढच्या हिवाळ्यात ती दोनदा आजारी पडली, दुसऱ्या मुलांसारखी, आणि दुसऱ्या मुलांसारखीच बरी झाली. लोहाची बाटली फडताळात धूळ खात पडली.

ती बातमी आली तेव्हा आम्ही एलियाहू हन्नबीचा मलिदा केला. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, बदाम-बेदाणे आणि पाच फळे. शेजारी-पाजारी, सूनबाईंचे माहेरचे, सगळे जमले. बेराखा म्हणून झाल्या, ताटे वाटली गेली. आमची नात ताट हातात घेऊन नेहमीप्रमाणे थांबली. तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, “खा. ह्यातले सगळे तुला चालते.”

“सगळे?”

“सगळे.”

तिने सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच ताटासारख्या ताटातून खाल्ले, आणि दुसऱ्यांदा मागून घेतले. शतकानुशतके आपले वाडवडील नवस फेडताना जे वाढत आले, त्यात गव्हाचा एक दाणा नाही, हे त्या दिवशी प्रथमच आमच्या लक्षात आले.

तेव्हा वाचकहो, आपल्या नातवंडांपैकी कोणाचे असे पथ्य असेल, तर त्याच्या आईचा शब्द आपल्या घरातही शेवटचा माना. तिच्या पाठीमागे एवढासा तुकडाही देऊ नका. परमेश्वर आपल्या सर्वांच्या लेकरांना आरोग्य देवो, एवढीच प्रार्थना. शब्बाथ शालोम.